दोष वास्तूचाच होता!

गेल्या वर्षीची लक्ष्मीपूजनाची रात्र मला चांगली आठवते; आणि आठवते ती आकाशकंदिलासाठी किंवा अनारशांसाठी नव्हे. रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यावयास म्हणून मी उठलो, तो आतल्या खोलीत दिवा दिसला. धाकट्या भावाची बायको पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर तिची साडेतीन वर्षांची मुलगी. मुलीच्या दोन्ही हातांत बापाचे पायमोजे चढवून ते मनगटाशी फितीने बांधले होते, आणि तरीही ती पोर कोपराच्या आतल्या बाजूला नि गुडघ्यामागे ते मोजे घासघासून रडत होती. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते.

"भावजी, तुम्ही निजा," ती म्हणाली. "हे रोजचंच आहे."

ते 'रोजचंच' मला फार लागले. कारण ज्या घरात आम्ही ती दिवाळी करीत होतो, ते घर मुळी या मुलीसाठीच घेतलेले होते.

घर भऱ्याला आहे. भरे म्हणजे मुळशी तालुक्यातले भरे. पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागावे, भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकावे आणि घोटवडे फाट्यावरून आत वळावे, की थोड्याच वेळात हे गाव लागते. भाताची खाचरे, पलीकडे डोंगर, आणि मध्येमध्ये अलीकडे उठलेले कारखाने व घरांच्या नव्या वसाहती. भाऊ पूर्वी पुण्यात पेठेत दोन खोल्यांत राहत असे. खिडकी उघडली की मोटारींचा धूर आत आणि बंद केली की कोंडमारा. मुलगी सहा महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाल चट्टे उठले, मग ते उतरून हातापायांच्या सांध्यांत जाऊन बसले. 'हवा बदला' हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. तो तिला दहा जणांनी दिला. अखेर भावाने कर्ज काढून भऱ्याला छोटेसे घर घेतले. दसऱ्याला वास्तुशांत झाली, होम झाला, पुरणपोळ्या झाल्या. आणि तीन आठवड्यांत मुलगी पेठेत होती त्यापेक्षा वाईट झाली.

आमची आई त्या दिवाळीत अगदी खात्रीने सांगत होती, "या वास्तूत काहीतरी दोष आहे रे. पुन्हा एकदा शांत करून घ्या."

मी मराठीचा मास्तर. अशा बोलण्याला हसून बाजूला सारणे ही आमच्या धंद्याची खोड. पण मला हे लिहावयास लागत आहे, कारण आई बरोबर होती. दोष वास्तूचाच होता. फक्त तो आम्ही जेथे शोधला तेथे नव्हता. आणि पुन्हा शांत केली असती, तर होमाच्या धुराने तो आणखी वाढला असता.

नावात काय नाही?

या रोगाला आपण इसब म्हणतो. पण घरोघर ऐकून पाहा : इसब, नायटा, गजकर्ण, खरूज ही चारही नावे आपण एकाच टोपलीतून काढीत असतो. गजकर्ण म्हणजेच नायटा, तो बुरशीचा, खरूज किड्याची, हे दोन्ही लागट. लहान मुलांचे हे इसब मात्र एकाचे दुसऱ्याला लागत नाही. चरकसंहितेत अकरा क्षुद्रकुष्ठांमध्ये विचर्चिका सांगितली आहे, तिच्याशी आजचे वैद्य इसबाचे नाते जोडतात. नावांचा हा घोळ केवळ भाषेचा असता तर मी त्यावर एखादे व्याख्यान देऊन थांबलो असतो. पण आमच्याकडे कोणीतरी 'नायटाच असणार' म्हणून औषधाच्या दुकानातून गजकर्णाची एक ट्यूब आणून दिली होती आणि ती दोन महिने चोळली गेली होती. शेजारच्या बायका आपली मुले या पोरीजवळ खेळू देत नसत. हा सगळा नावाचाच प्रताप.

मग पथ्ये सुरू झाली. वांगे बंद, केळे बंद, शेंगदाणे बंद, शेवटी दूधही बंद. मुलीचे वजन घटले, खाज तशीच राहिली. 'गरोदरपणी तू काय खाल्लेस?' हा प्रश्न तर तिच्या आईला इतक्या जणींनी विचारला होता की, ती कोणाकडे हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. मूल आजारी पडले की आधी आईची झडती घ्यावयाची, ही आपल्या समाजाची रीत मला कधी समजलेली नाही.

दिवाळी संपताच भाऊ मुलीला घेऊन पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी मुलीला पाहिले, ट्यूबचे नाव विचारून कपाळाला हात लावला, आणि मग जे प्रश्न विचारले ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. घराला रंग केव्हा दिला? कपाटे कशाची आहेत? मूल कोणत्या खोलीत निजते आणि त्या खोलीची खिडकी रात्री उघडी असते का? डासांसाठी काय लावता? गाद्या कधी उन्हात घातल्या होत्या? घरात विडी-सिगारेट कोण ओढते?

शेवटच्या प्रश्नाला भाऊ खाली पाहत म्हणाला, "मी. पण गॅलरीत."

गिलावा पडलेली भिंत

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की, हवेने इसब होत नाही. ते मुलाच्या कातडीच्या घडणीतच असते. कातडीचा वरचा थर म्हणजे एक भिंत आहे असे समजा. तिला एक गिलावा असतो. त्यामुळे आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरचे काही आत शिरत नाही. हा गिलावा पक्का होण्यास फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन लागते. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथल्या संशोधकांनी दाखवून दिले की, इसब असलेल्या बऱ्याच जणांत हे प्रथिन बनविणारे जनुकच सदोष असते. हे दर मुलात असतेच असे नाही, पण कातडीचा गिलावा ढिला असणे हे मात्र या रोगाचे मूळच म्हणावयाचे. अशा भिंतीवर पाऊस पडला की काय होते ते मुळशीच्या माणसाला सांगावयास नको.

आता, गिलावा कच्चा असलेल्या मुलाच्या भोवती दिवसाचे वीस-वीस तास जी हवा असते, ती घरातली. रस्त्यावरच्या धुराबद्दल आपण वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो, पण तान्हे मूल रस्त्यावर थोडेच राहते? ते राहते पाळण्यात, पलंगावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

जर्मनीत १९९८ साली एक प्रयोग झाला. इसब असलेल्या आणि नसलेल्या माणसांना काही तास फॉर्माल्डिहाइड नावाच्या वायूच्या, तसेच नायट्रोजन डायऑक्साइडच्या थोड्याशा संपर्कात ठेवले. इसब असलेल्यांच्या कातडीतून नेहमीपेक्षा जास्त पाणी उडून जाऊ लागले. २००६ साली तिकडेच रंग-रसायनांतून उडणाऱ्या वाफांचा असा प्रयोग केला, तेव्हा निरोगी माणसांच्या कातडीतूनसुद्धा दोन दिवसांनी पाणी अधिक जात असल्याचे आढळले. मोजक्या प्रौढ माणसांवर केलेले हे छोटे प्रयोग. त्यांवरून फार मोठी उडी मारू नये. पण कोरिया, जर्मनी वगैरे देशांत लहान मुलांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतही घराची डागडुजी, नवा रंग, नवे लाकडी सामान यांचा आणि मुलांच्या इसबाचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आला आहे.

फॉर्माल्डिहाइड हे नाव परके वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्यांतून बेडूक ठेवलेले असतात ते फॉर्मालिन म्हणजे याच वायूचे पाण्यातले द्रावण. प्लायवुडचे थर आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या ज्याने चिकटवितात त्या डिंकात बहुधा हेच असते. सामान नवे असताना ते हवेत सर्वांत जास्त उडते, आणि उष्मा व दमटपणा वाढला की आणखी जास्त. आता पाहा : भऱ्याच्या घरात मुलीच्या खोलीला भिंतभर प्लायवुडची कपाटे दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बसविली होती. ती पलंगाला चिकटून होती. भिंतींना ताजा रंग होता. बाहेर परतीचा पाऊस, आत ऑक्टोबरचा उष्मा. आणि डास येतात म्हणून संध्याकाळी पाचापासून सगळ्या खिडक्या बंद! नव्या घराचा तो 'नवा वास' आम्ही येता-जाता कौतुकाने हुंगत होतो.

उदबत्ती, कॉइल आणि नागगोळी

भारतीय घरात धूर नको म्हणणे म्हणजे मोठेच धाडस. मूल जन्मल्यापासून त्याची धुराशी गाठ असते. न्हाऊ घातले की निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी द्यावयाची. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवावयाची. संध्याकाळी ऊद फिरवावयाचा. यामागचा जिव्हाळा मी नाकारीत नाही. मला स्वतःला ती धुरी मिळालेली आहे आणि आईच्या लेखी माझ्या प्रकृतीचे सारे श्रेय तिलाच आहे. पण निखाऱ्यावर काहीही जाळले तरी धूर तो धूरच. त्यातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात जातात तसे कातडीवरही बसतात.

डासांच्या कॉइलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल तपासून काही शास्त्रज्ञांनी २००३ साली असा हिशोब मांडला की, एक कॉइल जळाली म्हणजे तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटी ओढाव्यात इतके सूक्ष्म कण हवेत जातात. आणि काही कॉइलींतून ५१ सिगारेटींइतके फॉर्माल्डिहाइड! माझा भाऊ मुलीला त्रास नको म्हणून दोन सिगारेटी गॅलरीत जाऊन ओढीत असे आणि आत येऊन तिच्या उशाशी कॉइल लावीत असे. हे मी त्याची थट्टा म्हणून सांगत नाही. मीही माझ्या घरी हेच करीत होतो.

डेंग्यूच्या दिवसांत डासांना मोकाट सोडा असे कोणी म्हणणार नाही. त्याला जुना इलाज आहे, तो म्हणजे मच्छरदाणी. खिडक्यांना जाळी बसविली तर त्या उघड्याही राहतात. आमच्याकडे मच्छरदाणी माळ्यावर पडून होती. नव्या घरात खिळे ठोकावयाचे नाहीत म्हणून ती लावली नव्हती.

आणि दिवाळी! सणाआधी रंगसफेदी, जळमटे झाडणे, नवे सामान. सणात उदबत्त्या, धूप, तळणीचा धूर, आणि वर फटाके. घरातली हवा वर्षात सर्वांत वाईट करावयाची असे कोणी ठरविले असते, तरी याहून बरा बेत आखता आला नसता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर २०१६ साली फटाक्यांच्या धुराची मोजणी केली. मुले ज्या अंतरावर उभी राहून फटाके उडवितात, तेथे यंत्र ठेवले. सर्वांत जास्त धूर कशाचा निघाला असेल? हजारांच्या माळेचा नव्हे, तर नागगोळीचा! आपण निरुपद्रवी म्हणून तीन वर्षांच्या पोराच्या हाती देतो, तीच ती काळी टिकली. तिच्या धुरात एका घनमीटर हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले, हजारांच्या माळेचे ३८,५४०, फुलबाजीचे १०,३९०, भुईचक्राचे ९,४९०, आणि झाडाचे ४,८६०. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी ६० च्या पुढे जाऊ नये. नागगोळी काही सेकंदांतच विझते, तेव्हा हे दोन आकडे तराजूच्या दोन पारड्यांत घालता येणार नाहीत हे मला कळते. पण आम्ही त्या दिवाळीत नागगोळ्या कोठे लावल्या होत्या? पावसाची सर आली म्हणून घरात, व्हरांड्याच्या दारात. पोरीने टाळ्या पिटल्या होत्या.

आत्याबाईंचे घर

वसाहतीच्या मागे एका शेतकऱ्याचे जुने घर आहे. तेथल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे आत्याबाई म्हणतात. त्या रतीब घालावयास येत. दिवाळीनंतर एकदा घरात येऊन त्यांनी चहूकडे पाहिले आणि आमच्या आईला म्हणाल्या, "आमच्या घरात धूर हाय, पर त्यो कौलातनं जातो. तुमच्या घरातला ह्यो वास जातो कुठनं?"

वाक्य मोठे मार्मिक. मी ते चार ठिकाणी सांगितलेही, आणि ऐकणाऱ्यांनी लगेच 'जुने ते सोने' म्हणून माना डोलाविल्या. पण थांबा. मी आत्याबाईंच्या घरी गेलो आहे. कुडाच्या भिंती, उंच आढे, कौलांच्या फटी. हवा खेळती असते हे खरे. पण चुलीपुढे आयुष्य काढल्यामुळे त्यांना जिना चढताना धाप लागते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या तुळया डांबर फासल्यासारख्या काळ्या आहेत. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस आला, पण भाकरी अजून चुलीवरच होते. चुलीचा धूर कौलांतून जातो तो आधी त्यांच्या छातीतून जाऊन मग. शिवाय गॅसही अगदी निर्दोष नाही. त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, म्हणून धूर ओढणारा पंखा फोडणीपुरता नव्हे, तर शेगडी पेटवल्यापासून चालू ठेवावा.

गावची हवा म्हणजे शुद्ध हवा, हाही एक शहरी भ्रमच आहे. मुळशी-मावळात उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात; शेणगोवऱ्या, पालापाचोळा पेटवून जमीन भाजावयाची. त्या दिवसांत भऱ्याला संध्याकाळी खिडकी उघडली की सगळा धूर आत येतो. तेव्हा 'खिडक्या उघड्या ठेवा' हा नियमसुद्धा डोळे मिटून पाळावयाचा नाही. बाहेर काय जळत आहे ते आधी पाहावे.

जगभरची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. १९९० नंतरच्या दशकात ५६ देशांतील मुलांच्या दमा, ऍलर्जीची सर्दी आणि इसब यांची एक प्रचंड पाहणी झाली. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व अकोला ही केंद्रेही तिच्यात होती. सहा-सात वर्षांच्या मुलांत इसबाची लक्षणे इराणात शेकडा २ हून कमी आढळली, तर जपान आणि स्वीडनमध्ये शेकडा १६ हून अधिक. स्वीडनची हवा तेहरानपेक्षा घाण आहे असे कोणीच म्हणणार नाही! थंडी, कोरडेपणा, बंद घरे, सुबत्ता, जनुके, अशी अनेक कारणे त्यात मिसळली असणार. म्हणून घराच्या हवेला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ती भडका उडविते. पहिली ठिणगी तिची नव्हे.

गादीतले पाहुणे

एका आरोपीचे नाव राहिले. तो गादीत राहतो. १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथे फोरहोर्स्ट या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, घरातल्या धुळीची जी ऍलर्जी म्हणतात, तिचे मोठे कारण म्हणजे धुळीत राहणारा एक सूक्ष्म किडा. कोळ्याच्या जातकुळीतला, आठ पायांचा, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा भरेल एवढा. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा हे त्याचे अन्न. इसब असलेल्या मुलाच्या अंथरुणात तर त्याला रोजची मेजवानीच. त्याच्या विष्ठेत असे एक द्रव्य असते की, ते आधीच ढिला असलेला कातडीचा गिलावा आणखी पोखरते. या किड्याला पाणी प्यावयाचे तोंड नाही. तो हवेतलाच ओलावा शोषून जगतो. मुळशीचा चार महिन्यांचा पाऊस, खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे, भिंतीवर उठलेली बुरशी. त्याला आणखी काय हवे?

आमची आजी पाऊस सरला की गाद्या-गोधड्या उन्हात टाकी, उलटसुलट करी आणि काठीने बडवी. तिला त्या किड्याचे नाव माहीत नव्हते. ऊन लागून गाद्या कोरड्या खडखडीत झाल्या की त्याचे जगणे अवघड होते. चादरी-अभ्रे मात्र नुसत्या उन्हाने भागत नाहीत. ते चांगल्या कढत पाण्यात, साठ अंशांच्या आसपास, आठवड्याला धुवावे म्हणतात. गाद्या बडवावयाच्या त्या मुलाला दूर ठेवून.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. गादीला खास खोळी घालणे, धूळ ओढणारी यंत्रे आणणे वगैरे उपायांनी इसब कितपत कमी होते, याचा शास्त्रीय धांडोळा घेतला असता पुरावा तोकडाच निघाला आहे. तेव्हा हजारो रुपयांची यंत्रे विकावयास कोणी दारी आले, तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

डॉक्टरांचा भर होता तो मलमावर. दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, वंगणासारखे दाट मलम सढळ हाताने लावावयाचे. भडका उठला की सौम्य स्टेरॉइडचे मलम, सांगितले तितकेच दिवस. स्टेरॉइड या शब्दाला आमची मंडळी इतकी भ्यालेली की पहिली ट्यूब पंधरा दिवस न उघडता फळीवर राहिली. ("गजकर्णाच्या ज्या ट्यूबला तुम्ही दोन महिने भ्यालात नाही, तिच्यात तेच होते, आणि जबर," असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा भाऊ गप्प झाला.) दूध, केळे पुन्हा सुरू झाले. दिवाळीच्या अभ्यंगाचे सुगंधी उटणे या मुलीला लावावयाचे नाही, असेही बजावले.

आणि घर? मुलीचे अंथरूण प्लायवुडच्या खोलीतून पुढच्या खोलीत आले, जेथे समोरासमोर दोन खिडक्या आहेत. कपाटांची दारे दिवसा सताड उघडी टाकून पंखा लावून ठेवू लागले. तीन-चार महिन्यांनी तो वास ओसरला. खिडक्यांना जाळ्या बसल्या. मच्छरदाणीसाठी नव्या भिंतीत चार खिळे ठोकले गेले. कॉइलीचे खोके गेले. भावाची सिगारेट सुटली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण ती आता घराच्या आवारात दिसत नाही. सर्वांत अवघड प्रश्न होता आईच्या उदबत्त्यांचा. तिला कोणी सांगावयाचे? शेवटी सुनेनेच सांगितले, आणि आई ताडकन उठून म्हणाली, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस? देवाला काय, निरांजन पुरतं." उदबत्ती आता बाहेर तुळशीपाशी लागते. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही दोन महिने एकमेकांची तोंडे पाहत बसलो होतो.

यातल्या कोणत्या उपायाने गुण आला ते सांगता येणार नाही. मलमाने किती, खिडकीने किती, दुधाने अंगी लागून किती, याचा हिशोब घरात कोण करणार? होळीपर्यंत मुलगी रात्र रात्र निजू लागली हे मात्र खरे. जानेवारीच्या कोरड्या थंडीत मधेच एकदा उचल झाली, आणि पावसाळ्यात पुन्हा कोपराशी चट्टा आला. डॉक्टरांनी सांगितले आहे की, शाळेत जाईपर्यंत बऱ्याच मुलांचे हे कमी होत जाते, सगळ्यांचे नाही.

या दिवाळीला घराला रंग द्यावयाचा नाही, असे ठरले आहे. दिलाच तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलगी आजोळी असताना. फुलबाजी मिळेल, पण अंगणात आणि वाऱ्याकडे पाठ करून, एवढी तडजोड तिने मोठ्या घासाघिशीने मिळविली आहे. नागगोळीचा विषय अजून तिच्यापुढे कोणी काढलेला नाही.

गेल्या रविवारी मी भऱ्याला गेलो होतो. पाऊस उघडला होता, खाचरांत भात पोटऱ्यावर आला होता. गच्चीवर घरातल्या सगळ्या गाद्या पसरल्या होत्या आणि आई हातात काठी घेऊन पाटाखाली पाय सोडून सावलीत राखण करीत बसली होती. बाळी जिन्याच्या दाराशी उभी. गाद्या बडवून होईपर्यंत तिला पुढे येण्याची मनाई होती. मला पाहताच तिने बाही वर केली आणि कोपरावरची खपली मला नीट जवळून दाखविली.

"काका, ही जुनी आहे," ती म्हणाली. "नवी नाहीये."